पाचांत एकदा

"पान लई तापलंय गं," म्हणत हिंदुराव दाजींनी पाय मागं ओढला.

"बसा गप. गार पानानं दुखणं उतरतं व्हय?" आक्कानं पाय परत पुढं घेतला. तव्यावरून काढलेलं एरंडाचं पान उजव्या गुडघ्यावर ठेवलं आणि वरून जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली.

मी दारातच उभा होतो. हातात आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती. दाजींनी वर बघितलं.

"या पाव्हणं! फायनल रविवारी, आणि तुम्ही आज आमच्या दारात? वस्तादानं हेरगिरीला धाडलंय वाटतं."

"आईनं चटणी दिलीया."

"आधी वास घेऊन बघ गं," दाजी आक्काला म्हणाले. "फुलबॅक आडवा करायचं औषध घातलं असंल."

हिंदुराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. आमच्या कोल्हापुरात पेठ बदलली की तालीम बदलते, आणि तालीम बदलली की फुटबॉलची टीम बदलते. आम्ही निशाण तालमीचे. आक्काला दिली ती पिंपळकट्टा तालमीच्या घरात. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडची माणसं एका जुन्या पेनल्टीवरून भांडली होती आणि जिलेबी तशीच ताटात राहिली होती. आता त्या दोन तालमी फायनलला समोरासमोर होत्या. पिंपळकट्ट्याचा कॅप्टन आणि मागं राहून अडवणारा फुलबॅक हिंदुराव. निशाणचा बॉल घेऊन पुढं पळणारा मी. म्हणजे मैदानात आमची गाठ पडणार ती पडणारच.

दाजी उठले, चपला घातल्या आणि बाजाराकडं निघाले. गल्लीतून जाताना उजव्या पायावर लंगडत होते. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, "कप्तान, गुडघा काय म्हणतोय?" दाजी म्हणाले, "तुझ्या पानाला चुना मागतोय."

ते दिसेनासे झाल्यावर आक्का चुलीजवळ बसली. मला बसायला पाट दिला नाही, यावरूनच मी ओळखलं की काहीतरी सांगायचं आहे.

"शिदबा, कुणाला बोलू नगंस. उजवा गुडघा गेलाय ह्यांचा. बाजारात गुळाचे मणामणाचे रवे उचलून उचलून गेला. अडत्यानं तोंडावर सांगितलंय, जमत नसंल तर दुसरा हमाल बघतो."

"मग खेळतात कशाला?"

"न खेळून कसं चालंल? साखर कारखान्याची नवी टीम निघालीया. त्यांना शिकवायला माणूस पायजे. कायमची नोकरी, राहायला खोली. साहेबाच्या कानावर गेलंय की हिंदुरावचा गुडघा संपला. म्हणून तो स्वतः रविवारी येणार बघायला. पोरांच्या बरोबर पळू शकणारा माणूस पायजे म्हणे, खुर्चीत बसणारा नको. मॅच उभ्यानं संपवली तर नोकरी. मैदानात पडले तर गेलीच."

आतल्या खोलीत तिची धाकटी रडायला लागली. आक्का उठली, आणि जाता जाता म्हणाली, "तुझा खेळ तू खेळ बाबा. मी कोण सांगणार?"

तिनं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

त्याच संध्याकाळी तालमीमागच्या पटांगणात बाबालाल वस्ताद काटकीनं मातीत रेघोट्या ओढत होते. वस्ताद मूळचे पैलवान. फुटबॉल त्यांनी कधी खेळला नव्हता, पण माणूस कुठल्या पायावर उभा आहे हे त्यांना पाठीमागूनही कळायचं. त्यांनीच मला एक चाल शिकवली होती. आम्ही तिला तराजू म्हणायचो.

चाल सोपी होती. मी बॉल घेऊन सरळ समोरच्या फुलबॅकच्या अंगावर पळायचं. आमचा दुसरा फॉरवर्ड सर्जेराव माझ्या उजव्या हाताला, बरोबरीनं पळायचा. फुलबॅक माझ्याकडं आला तर बॉल सर्जेरावला. फुलबॅक सर्जेरावकडं सरकला तर मी स्वतः त्याच्या दुसऱ्या अंगानं पळून जायचं. आधी काही ठरवायचं नाही. दोन्ही पारडी वर ठेवायची. समोरच्यानं पाय उचलला की जे पारडं झुकेल ते आपलं.

ही चाल मला इतकी आवडायची की सरावात मी प्रत्येक बॉलला तीच करायचो. सेमीफायनलला तिच्यावरच दोन गोल झाले होते.

"रविवारी किती वेळा करणार?" वस्तादांनी विचारलं.

"जेवढ्या वेळा बॉल मिळंल तेवढ्या वेळा."

"पाचांत एकदा," वस्ताद म्हणाले.

"फक्त? अहो वस्ताद, हमखास चालतीया ती."

"चालती म्हणूनच. चार वेळा आधी ठरवून खेळायचं, पास तर पास, पळणं तर पळणं. पाचव्यांदा बघून. दर वेळी बघायला लागलास की समोरच्याला कळतं, हा गडी माझ्या पायाकडं बघून ठरवतोय. मग तो तुला पाय दाखवतो. तुला जे बघायचंय तेच दाखवतो. कुस्तीत तेच हाय, फुटबॉलात तेच हाय, बाजारात तेच हाय."

सर्जेराव बाजूला बूट बांधत होता. "वस्ताद, ह्याच्या समोर ह्याचे दाजी हायत. पाय कशाला बघतोय? पाया पडंल आधी."

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी स्वतः पळालो की दाजींच्या उजव्या अंगानं जाणार. त्यांना उजव्या पायावर गर्रकन वळावं लागणार. सर्जेरावला पास दिला की ते डाव्या पायावर वळणार. उजवा गुडघा गेलेला. मग काय करायचं हे तिथंच ठरलं. रविवारी मी स्वतः पळायचंच नाही. बॉल मिळाला की सर्जेराव. तराजू धरल्याचं नाटक करायचं, पण पारडं एकच.

मला वाटलं, यात कुणाचं काही जात नाही. पास दिला तरी गोल होऊ शकतो. आम्ही जिंकू, दाजी उभे राहतील. दोन्ही घरं राखली जातील.

रविवारी मैदान दुपारीच भरलं. एका बाजूला आमची पेठ, दुसऱ्या बाजूला त्यांची. मधल्या छतावाल्या गॅलरीत पाहुणे. त्यांतला पांढऱ्या टोपीचा, काळ्या चष्म्याचा माणूस कारखान्याचा साहेब, असं कुणीतरी दाखवलं. त्याच्या मागच्या बाजूला बायकांच्या रांगेत आक्का पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

टॉसच्या वेळी दाजींनी हात मिळवला. "पाव्हणं, चटणी झणझणीत होती. आज बघू खेळ कसा हाय."

पहिला बॉल मिळाला तसा मी त्यांच्या अंगावर पळत गेलो. दाजी सर्जेरावकडं सरकले. अगदी उघड सरकले. त्यांची उजवी बाजू वाड्याच्या उघड्या दरवाज्यासारखी मोकळी पडली. लहान पोरगंही तिथून पळून गेलं असतं. मी सर्जेरावला पास दिला. दाजी तिकडंच असल्यामुळं त्यांनी तो पाय घालून काढून घेतला.

पुन्हा तेच. मी अंगावर गेलो, ते सर्जेरावकडं सरकले, मी तरीही सर्जेरावला दिला. कधी दाजींनी बॉल काढला, कधी सर्जेराव निसटला आणि दाजी वळून त्याच्या मागं पळाले. पोहोचायचे मात्र दर वेळी. त्यांच्या पेठेनं हलगी तापवली. साहेबानं चष्मा काढून बघायला सुरुवात केली. मला आतून बरं वाटत होतं. दाजी छान दिसत होते.

मग दाजींनी माझा एक पास काढला आणि तसाच उंच पुढं टोलावला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड एकटाच उभा होता. गोल.

आमच्या पेठेच्या गॅलरीतून एक आवाज आला.

"आहेर केला! मेव्हण्यानं दाजीला आहेर केला!"

"हुंडा राहिला व्हता वाटतं, आज फेडतोय!"

"शिदबा, साडीचोळी पण घेऊन जा रं!"

 सर्जेराव जवळ येऊन म्हणाला, "भावा, मला बॉल कशाला देतोस? तो माझ्यावरच हाय. तिकडं एवढा रस्ता मोकळा सोडलाय, बैलगाडी जाईल. दिसत न्हाई व्हय?"

"दिसतंय."

"मग जा की!"

हाफटाइमला वस्तादांनी सगळ्यांना मोसंबीच्या फोडी दिल्या, मला दिली नाही. मला बाजूला घेतलं.

"तू आज बघत न्हाईस," ते म्हणाले.

मी बुटानं माती उकरत राहिलो.

"ठरवून आलाईस. काय ठरवलंईस ते सांग."

त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "दाजींचा उजवा गुडघा गेलाय वस्ताद. आक्कानं सांगितलं. तिकडनं पळालो तर..."

वस्ताद मला ओरडतील असं वाटलं होतं. किंवा म्हणतील, मग तिकडनंच पळ. त्यांनी यातलं काही केलं नाही. दाढीवरून हात फिरवला.

"आक्का खेळायला हाय काय मैदानात?"

"न्हाई."

"मग तिनं सांगितलेलं घरी ठेव. मी तुला गुडघा मोडायला सांगत न्हाई, गुडघा जपायला पण सांगत न्हाई. समोर माणूस उभा हाय. त्याचा पाय तुझ्यापुढं हाय. दुसऱ्याच्या तोंडचं ऐकून कशाला खेळतोस? एकदा तरी बघ, आणि मग तुला वाटंल ते कर. न्हाई बघणार असशील तर बाहेर बस. दुसरा गडी उभा हाय."

दुसरा हाफ सुरू झाला. मी बॉल दुसऱ्यांना देत राहिलो, लांबून मारत राहिलो, पण दाजींच्या अंगावर गेलोच नाही. मला त्यांच्या पायांकडं बघायची भीती वाटत होती. बघितलं आणि दुखणं दिसलं, तर पुढं काय करायचं?

एकदा बॉल बाहेर गेला होता, थ्रो-इनसाठी सगळे थांबले होते. दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. श्वास फुलला होता. तोंड समोर ठेवूनच म्हणाले, "पळत का न्हाईस रं शिदबा?"

"तुमच्या टीमचं काय जातंय?"

"घाबरलास व्हय? निशाणवाल्यांचं रक्त आटलं काय? ये की अंगावर. माझ्या उजवीकडनं ये. बघू तरी कुणाचं लग्न लागतंय."

मला वाटलं, गड्याला दया नको आहे. बरोबरच होतं. पेठेसमोर, बायकोसमोर, साहेबासमोर मेव्हण्यानं हातचं राखून खेळावं, हे कुणाला सहन होईल? माझी मलाच लाज वाटली.

मॅच संपत आली. रेफ्री घड्याळ बघायला लागला होता. वस्तादांनी माझ्या जागी दुसऱ्या गड्याला सदरा काढून तयार ठेवलं होतं. तेवढ्यात मध्यावर बॉल माझ्या पायात आला. समोर फक्त दाजी. उजव्या हाताला सर्जेराव सुटला होता आणि गळा फाडून ओरडत होता.

मी सरळ दाजींच्या अंगावर निघालो. ते सर्जेरावकडं सरकले. त्या दिवशी पहिल्यांदाच मी मान खाली घालून त्यांच्या पायांकडं नीट बघितलं. एक पाऊल पडायला लागतो तेवढाच वेळ.

मग मी पळालो. स्वतः. त्यांच्या उजव्या अंगानं, होता नव्हता तेवढा जोर लावून.

दाजी उजव्या पायावर असे वळले की मला वाटलं मागून दुसराच कुणी तरणा गडी आला. खांद्याला खांदा लागला. मी अर्धं पाऊल पुढं होतो. त्यांनी स्वतःला जमिनीवर झोकून दिलं आणि पाय लांबवून बॉल तेवढा काढला. स्वच्छ. माझ्या पायाला धक्कासुद्धा लागला नाही. बॉल बाहेर गेला. दाजी उजव्या पायावर जोर देऊन उठून उभे राहिले. शिट्टी झाली.

त्यांची पेठ मैदानात घुसली. दाजींना खांद्यावर घेतलं. गुलालानं ते ओळखू येईनासे झाले. मी बसूनच होतो.

सर्जेराव येऊन समोर उभा राहिला. "धन्य आहेस मर्दा! सबंध मॅच मी नको नको म्हणताना मला दिलास. आणि मी ओरडत असताना नेमका पळालास."

वस्ताद आले. त्यांनी सर्जेरावला लांब केलं. मला हात देऊन उठवलं.

"बघून पळालास?"

"बघून."

"मग झालं," म्हणाले, आणि माझ्या पाठीवरची माती झाडत राहिले.

गॅलरीच्या पायऱ्यांजवळून जाताना साहेबाचा आवाज ऐकू आला. तो दाजींचा हात धरून म्हणत होता, "लोकांनी सांगितलं होतं उजवा गुडघा संपलाय. त्याच पायानं बॉल काढलात की हो! लोक काय वाटेल ते बोलतात. पहिल्या तारखेला हजर व्हा."

त्या दिवशी पेठेत तोंड दाखवायची सोय नव्हती. मी आक्काच्या घरी गेलो. त्यांच्या गल्लीत पोरांनी मला बघून "आहेर, आहेर" केलं, पण एका म्हातारीनं त्यांना हाकललं.

घरात दाजी भिंतीला टेकून बसले होते. केसांत अजून गुलाल. आक्का त्यांच्यासमोर उभी होती, कमरेवर हात ठेवून. पाय पुढं केलेला होता तो डावा. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"बघ," आक्का मला म्हणाली. "बघ तुझ्या दाजीचे धंदे."

मी उजव्याकडं बघितलं, डाव्याकडं बघितलं.

"डावा?"

"पहिल्यापासनं डावाच," दाजी म्हणाले. वेदनेनं ओठ दाबले होते, पण डोळे हसत होते. "गुडघा गेलाय हे काय लपत न्हाई लेका. बाजारात हमालांना दिसतं, तालमीत पोरांना दिसतं. कुठला गेलाय, तेवढं लपवता येतं. म्हणून उजव्यावर लंगडत होतो."

"आणि मी येडी," आक्का म्हणाली, "तीन आठवडे चांगल्या गुडघ्याला शेकत बसले! दुखणारा तसाच ठेवला, आणि चांगला भाजून घेतला माझ्याकडनं! अहो, मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू भावाला सांगितलं असतंस."

"सांगितलंच की मी!"

"तेच तर," दाजी म्हणाले.

 आक्का मोरीकडं गेली आणि भांडी जोरजोरानं आपटायला लागली.

दाजी माझ्याकडं वळले. "आता तू सांग. मी काय हिशेब केला व्हता? मेव्हण्याला कळणार, उजवा गेलाय. मग तो उजवीकडनंच पळणार. मी मुद्दाम ती बाजू मोकळी ठेवणार, आणि चांगल्या पायावर वळून त्याला उचलणार. आणि तू? सारखा सर्जेराव, सारखा सर्जेराव! दर वेळी डाव्यावर वळलो मी. हाफटाइमला मला उभं राहता येत नव्हतं. बोट चावून उभा राहिलो. पळायचं सोडून ते काय लावलं व्हतंस?"

"गुडघा दुखत असंल म्हणून," मी म्हणालो.

"काय?"

"उजवा. आक्कानं सांगितलेला. तिकडनं गेलो तर तुम्ही पडाल म्हणून पास देत होतो."

दाजींनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं की गुडघ्याचं ते कळेना.

"अगं ऐकलंस काय? तुझ्या भावानं मला दया करून करून अर्धा मारला! मी समजत व्हतो समोर खेळाडू हाय. हा तर मेव्हणा निघाला!"

मोरीतला आवाज थांबला.

हसणं ओसरल्यावर दाजींनी हळूच विचारलं, "मग शेवटी का पळालास?"

"तुम्ही सर्जेरावकडं सरकला होता. बाजू मोकळी दिसली."

"तेवढंच?"

"तेवढंच. वस्तादांनी सांगितलं होतं, बघून खेळ. मोकळं दिसलं, पळालो. तुम्ही फसवलंत."

दाजींनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. इतकं समाधान मी त्या माणसाच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिलं नाही.

पहिल्या तारखेला ते कारखान्यावर हजर झाले. गुडघा पुढं एका हाडवैद्यानं बराच सावरला. तिथं त्यांनी पोरं घडवली. ती मॅच ते कुठंही सांगायचे. बारशात, लग्नात, गणपतीच्या मांडवात. "मेव्हण्याला असा फसवला" म्हणून सुरू करायचे, उजव्या पायावर वळून दाखवायचे, आणि लोक माझ्याकडं बघून हसायचे. आमच्या पेठेत तर "शिदबाचा आहेर" असं म्हणायचीच पद्धत पडली. एखाद्यानं सोपा पास चुकवला की तो शिदबाचा आहेर. माझ्या पोरांनासुद्धा शाळेत ते ऐकावं लागलं. सर्जेराव दोन वर्षं नीट बोलत नव्हता. मग बोलायला लागला.

दाजी निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं सत्कार ठेवला. पत्रिका माझ्या घरी आली. तोवर मी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो होतो, म्हणून ती मीच वाचली. आत प्रमुख पाहुण्यांच्या खाली माझं नाव होतं.

स्टेजवर दाजींनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, वळून दाखवताना एकानं हात धरला. सभागृह हसून हसून बेजार झालं. मग त्यांनी मला पुढं बोलावलं. "फसलेला माणूस हा. ह्यालाच विचारा."

माझ्या हातात माइक दिला. मला समोर आक्का दिसली, पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात.

त्या शेवटच्या पावलाला मला काय दिसलं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दाजी सर्जेरावकडं सरकले, पण डावी टाच जमिनीला टेकली नाही. चवड्यावर धरून ठेवलेला तो पाय थरथरत होता, आणि सगळं अंग उजव्या पायावर तोलून धरलेलं होतं. मला त्या क्षणी सगळं कळलं. लंगडणं, मोकळी बाजू, थ्रो-इनच्या वेळचं ते बोलावणं. पास दिला असता तर ते डाव्यावर वळूच शकले नसते, खाली बसले असते, साहेबाच्या डोळ्यांदेखत. सर्जेरावसमोर गोल मोकळा होता. बरोबरी झाली असती. पुढं कोण जिंकलं असतं कोण जाणे.

पळालो ते मात्र खरं पळालो. हातचं काही राखलं नाही. त्यांना चांगल्या पायावर मला अडवायची संधी होती, आणि मला त्यांना हरवायची. त्यांनी अडवलं. ते त्यांचंच होतं. आता मी तोंड उघडलं तर ते त्यांचं राहिलं नसतं.

"दाजींनी मला फसवलं," मी माइकवर म्हणालो. "पार फसवलं."

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. दाजींनी उठून मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मला पहिली रांग दिसत होती. आक्का टाळ्या वाजवत नव्हती. हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडं बघत होती. मॅचच्या दिवशी बायकांच्या रांगेतून तिला आम्ही दोघंच दिसत असणार, दाजींच्या पायांकडं झुकलेली माझी मानसुद्धा, बाकीचं मैदान नाही.

कार्यक्रम संपल्यावर गर्दीत ती माझ्याजवळ आली. दाजी लांब होते, पोरांच्या घोळक्यात. तिनं माझ्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, मी लहान असताना शाळेला न जाता पळून जायचो तेव्हा करायची तशी.

"ह्यांना कधी बोलू नगंस," ती म्हणाली.

"काय?"

"काय न्हाई. चल, जेवायला बसू."